शिक्षकाचं चिंतन आणि वर्गानंतरची वही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या मराठी माध्यमातल्या शिक्षकांसाठी आहे. बी.एड. आणि डी.एल.एड. करणाऱ्यांनाही त्यातलं बरंचसं कामी येईल. प्रशिक्षणात तासाला कुणी विचारत नाही, पण चहाच्या वेळेला हमखास निघतात, असेच प्रश्न इथे घेतले आहेत.

चिंतनशील अध्यापन म्हणजे साध्या भाषेत काय?

आपण शिकवलेलं आणि मुलांपर्यंत पोहोचलेलं यांत जी तफावत पडते तिचं कारण शोधायचं आणि त्या कारणाला धरून पुढचा तास बदलायचा. दोन्ही गोष्टी हव्यात. कारण सापडलं पण उद्याचा तास तसाच घेतला, तर हाती फक्त हळहळ उरते. कारण न शोधताच पद्धत बदलली, तर तो अंदाजपंचे कारभार झाला.

हे तर आम्ही रोज करतोच. शाळेतून घरी जाताना गाडीवर डोक्यात तेच चालू असतं.

असतंच. वर्गात मन असलेल्या माणसाच्या डोक्यात ते चालणारच. पण गाडीवरच्या विचारांचा शेवट बहुतेक वेळा ठरलेला असतो: ‘आज पोरांचं लक्षच नव्हतं’, ‘पाया कच्चा आहे’, ‘घरी कुणी बघत नाही’. यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. अडचण एवढीच, की यातल्या कशावरूनही उद्या सकाळी साडेदहाला काय वेगळं करायचं ते कळत नाही.

लिहायला बसलं की ‘लक्षच नव्हतं’ हे वाक्य फार वेळ टिकत नाही. कुणाचं नव्हतं? कधीपासून? त्याआधी मी काय करत होतो? फळ्याकडे तोंड करून किती वेळ लिहीत होतो? असे प्रश्न आपोआप येतात आणि उत्तरासाठी मुलांच्या वह्या उघडाव्या लागतात. डोक्यातल्या विचारात आणि या कामात फरक आहे तो पुराव्याचा.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये विचारप्रक्रियेवर लिहिताना म्हटलं, की खरा विचार अडचण जाणवल्यावर सुरू होतो. सगळं सुरळीत असताना माणूस सवयीने वागतो. १९३३ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी अशा विचाराला लागणाऱ्या तीन वृत्ती सांगितल्या: मनाचा मोकळेपणा, कामात पूर्ण मन घालणं आणि परिणामांची जबाबदारी घेणं. महाराष्ट्राचा या माणसाशी एक धागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई हे तिथले त्यांचे प्राध्यापक.

पुढे डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिक माणसं प्रत्यक्ष काम करताना कसा विचार करतात याचा अभ्यास मांडला. त्यांची उदाहरणं वास्तुरचनाकार, मानसोपचारतज्ज्ञ, अभियंते अशांची होती, पण कल्पना उचलून धरली ती शिक्षक आणि परिचारिका घडवणाऱ्या संस्थांनी. शॉन दोन प्रकार सांगतात: काम चालू असताना होणारं चिंतन आणि काम संपल्यावरचं चिंतन. तिसरीच्या वर्गात गोष्ट सांगता सांगता मुलांचे चेहरे पाहून आपण मध्येच थांबतो आणि एक प्रश्न विचारतो, तो पहिला प्रकार. शाळा सुटल्यावर वही उघडतो, तो दुसरा. दुसऱ्याची सवय लागली की पहिला तल्लख होतो, असा बऱ्याच अनुभवी शिक्षकांचा अनुभव आहे.

आपल्याकडे शिक्षक शिक्षणाच्या २००९ च्या राष्ट्रीय आराखड्याने चिंतनशील शिक्षक हे उद्दिष्ट ठेवलं. बी.एड. दोन वर्षांचं झाल्यावर आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळात, चिंतन लिहिणं आलं, आणि त्याबरोबर मागच्या वर्षीच्या मुलांच्या फाइलवरून उतरवणंही आलं.

नेमकं काय लिहायचं? एखादा नमुना द्या.

या पानावरचा हाच खरा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

समजा चौथीला तीन अंकी वजाबाकी शिकवली. शेवटी ४०२ वजा १७८ हे उदाहरण दिलं आणि निम्म्या वर्गाचं चुकलं. टाचण वहीतल्या, म्हणजे पाठाचं नियोजन लिहायच्या वहीतल्या, ‘चिंतन’ रकान्यात सहसा असं लिहिलं जातं: ‘पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला. काही विद्यार्थ्यांना अधिक सराव आवश्यक.’ हे वाक्य कुठल्याही विषयाच्या, कुठल्याही दिवसाच्या पाठाखाली खपून जाईल, यातच त्याची गत कळते.

आता वह्या उघडून पाहू. एका मुलीचं उत्तर ३७६ आहे. तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. अंक वरचा की खालचा याच्याशी तिला देणंघेणं नाही. दुसऱ्या मुलाचं उत्तर २३४. त्याने शतक सुटा केला, चाराचे तीन केले, शून्याचे दहा केले, तिथून एककाच्या घरासाठी एक दशक दिलाही. पण देऊन झाल्यावर दहाचे नऊ करायचे राहिले. तिसऱ्याचं उत्तर २२४, बरोबर आहे, पण उभी मांडणी कुठेच नाही. जवळ बोलावून विचारलं तर म्हणाला, ‘१७८ चे २०० करायला २२, आणि तिथून ४०२ ला २०२.’ दुकानात सुटे पैसे मोजणारा मुलगा आहे.

आता वहीत काय येईल? साधारण असं:

‘३७६ उत्तर असलेली मुलं सात. यांना वजाबाकी म्हणजे दोन अंकांतला फरक एवढंच माहीत आहे, कशातून काय काढतोय ते नाही. २३४ वाली मुलं तीन. यांना रीत येते, शून्यापाशी घसरतात. मी दिलेल्या पहिल्या चार उदाहरणांत वरच्या संख्येत शून्य नव्हताच. हजेरी क्र. १४ ची रीत वेगळी आणि बरोबर. उद्या: पहिल्या गटाला दशकांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन ४२ वजा १७, अंक न लिहिता. दुसऱ्या गटाला शंभराची एक नोट मोडून द्यायची, एककासाठी एक दशक दिल्यावर किती दशक उरतात ते बघायचं. क्र. १४ ला फळ्यावर बोलवायचं.’

हे लिहायला जास्तीत जास्त दहा मिनिटं लागतात. ‘अधिक सराव आवश्यक’ म्हणून दोन्ही गटांना तीच वीस उदाहरणं घरी दिली असती, तर पहिल्या गटाने चुकीचीच रीत वीस वेळा पक्की केली असती. शिवाय ‘पहिल्या चार उदाहरणांत शून्य नव्हताच’ हे वाक्य पाहा. ते मुलांबद्दल नाही, उदाहरणं निवडणाऱ्याबद्दल आहे. आठवड्यात असं एक जरी वाक्य वहीत आलं तरी वही कामाला लागली म्हणायची.

असाच एक दुसरा नेहमीचा प्रकार. पहिली-दुसरीत ‘सत्तावीस’ म्हटलं की काही मुलं ७२ लिहितात. आळस, घाई, दृष्टिदोष अशी सगळी निदानं ऐकायला मिळतात. पण कानावर आधी सात पडतो आणि मग वीस. मूल ऐकल्या क्रमाने लिहितंय. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा मराठीच्या जिवावर उठल्यासारखा वाद झाला. त्या वादात कुणाचीही बाजू घ्या, पण ७२ लिहिणारं मूल का चुकतं हे त्या निमित्ताने घराघरांत बोललं गेलं, हे चांगलंच झालं.

गिब्जचं चक्र, कोल्बचं चक्र, ब्रुकफिल्डची भिंगं… यातलं कुठलं वापरू?

परीक्षेला जे विचारतात ते पाठ करा. वर्गासाठी यातलं कुठलंही सोपं एक पुरे.

ग्रॅहम गिब्ज यांच्या १९८८ च्या चक्रात सहा पायऱ्या आहेत: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, तसं का झालं, निष्कर्ष आणि पुढची कृती. नव्या शिक्षकाला त्यातली दुसरी पायरी उपयोगी पडते, कारण वर्गात आलेला राग किंवा भीती नोंदवायला ती जागा देते. पण रोज सहा पायऱ्या चढायला गेलात तर आठवड्याभरात वही बंद पडेल. टेरी बोर्टन यांनी १९७० मध्ये तीनच प्रश्न सुचवले होते. मराठीत सांगायचं तर: काय झालं? मग त्याचं काय? आता काय? बसच्या तिकिटामागेही मावतात.

स्टीफन ब्रुकफिल्ड यांची १९९५ ची मांडणी मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावी. आपल्या अध्यापनाकडे चार बाजूंनी पाहा, असं ते म्हणतात: स्वतःचा शिकण्याचा अनुभव, विद्यार्थ्यांची नजर, सहकाऱ्यांची नजर आणि अभ्यासकांचं लेखन. आपल्यापैकी बहुतेकांचं चिंतन पहिल्याच बाजूवर अडकलेलं असतं. ‘आम्हाला असंच शिकवलं, आम्ही शिकलोच की!’ हे त्याचं रूप. डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्येच दाखवलं होतं, की शिक्षक होण्याआधी आपण हजारो तास बाकावर बसून शिक्षक पाहिलेले असतात आणि तेच नकळत आपलं खरं प्रशिक्षण ठरतं.

वेळ कुठून आणायचा? पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, निवडणुकीचं काम, व्हॉट्सॲपवर ‘तात्काळ पाठवा’…

तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि चिंतनाने ती सुटणार नाही. म्हणून रोज लिहू नका. आठवड्यातून दोन दिवस, एका तासावर, दहा ओळींच्या आत. दिवस ठरवून ठेवा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटलं की तो मिळत नाही. सगळ्या विषयांवर लिहायचा मोह टाळा. एका सत्रात एकच दुखरी जागा धरा, म्हणजे गणितातली शाब्दिक उदाहरणं किंवा परिच्छेद वाचून उत्तर लिहिणं, आणि त्यावरच नोंदी करा. तीन महिन्यांनी त्या नोंदी एकत्र वाचल्यावर जे दिसतं ते रोजच्या पसरट डायरीत दिसत नाही.

आमची द्विशिक्षकी शाळा. दोन-दोन इयत्ता एकत्र. तिथे हे कसं जमायचं?

बहुवर्गात एक सोय असते, तिचा फायदा घ्या. तुम्ही तिसरीला शिकवत असताना चौथीची मुलं स्वतः काहीतरी करत असतात. ती त्या वेळात खरोखर काय करतात, हीच तुमच्या नोंदीची पहिली जागा. दिलेलं काम किती मिनिटांत संपलं, कोण कुणाला विचारत होतं, कुणी काही न लिहिता वीस मिनिटं बसून राहिलं. बहुवर्गातली निम्मी शिकवणी या ‘न शिकवण्याच्या’ वेळात घडते किंवा बिघडते.

दुसऱ्या गुरुजींशी बोलायला मधली सुट्टी आहेच. तेही रजेवर असतील तर आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका समविचारी शिक्षकाला फोन करा आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवा, मुलाचं नाव झाकून.

केंद्रप्रमुखांना किंवा मुख्याध्यापकांना ही वही दाखवायची का?

नाही. टाचण वही तपासणीची आहे, ती दाखवा. ही वही वेगळी ठेवा.

याचं कारण साधं आहे. तपासली जाणारी वही तपासणाऱ्यासाठी लिहिली जाते. ‘सात मुलांना माझं शिकवणं कळलं नाही’ हे वाक्य शेरा मिळण्याच्या भीतीने कुणीही लिहिणार नाही, आणि ते वाक्य नसेल तर वहीला अर्थ नाही. चिंतनाचा रकाना सक्तीचा करणाऱ्या अधिकाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. परिणाम मात्र असा झाला की रकाना शंभर टक्के भरलेला आणि आत एकही खरी ओळ नाही. केंद्रप्रमुख हे पान वाचत असतील तर त्यांना विनंती: वही मागू नका. ‘गेल्या महिन्यात तुम्ही वर्गात काय बदललंत आणि का?’ एवढं विचारा. उत्तरावरून सगळं कळेल.

सहकाऱ्याला माझ्या वर्गात बसवलं तर तो चुकाच काढेल ना?

काय पाहायचं हे आधी ठरवलं नाही, तर काढेलच. पाठनिरीक्षणाची आपली सवय बी.एड.च्या तक्त्यातून आली आहे: आवाज, फलकलेखन, हावभाव, साहित्य, वेळेचं नियोजन. त्यात सगळी नजर शिक्षकावर असते.

जपानमध्ये ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणजे पाठाभ्यासाची जुनी परंपरा आहे. शिक्षकांचा गट मिळून एक पाठ आखतो, एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांच्या नोंदी करतात आणि नंतर चर्चा होते. पाठ सगळ्यांनी आखलेला असल्यामुळे चर्चा पाठाची होते, घेणाऱ्याची नाही. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे आपल्या शिक्षण परिषदेत, महिन्याला असा एक पाठ घेणं सहज शक्य आहे. तेवढा वेळ सूचना वाचून दाखवण्यातून काढावा लागेल, इतकंच.

सुरुवात छोटी करा. सहकाऱ्याला सांगा, ‘मागच्या रांगेतल्या या तीन मुलांकडेच बघ. ती काय लिहितात, कधी थांबतात ते टीप. माझ्याकडे बघू नकोस.’

स्वतःचा तास मोबाइलवर रेकॉर्ड करून काही कळतं का?

खूप कळतं, आणि व्हिडिओपेक्षा नुसत्या आवाजातून जास्त कळतं. फोन खिशात ठेवून पंधरा मिनिटं रेकॉर्ड करा. ऐकताना दोनच गोष्टी मोजा: प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलात, आणि उत्तर कुणी दिलं.

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांमध्ये हेच मोजलं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण वर्गात शांत उभं राहून मोजून पाहा, फार मोठे असतात. ‘बरोबर की नाही?’ असं विचारून लगेच ‘होऽऽऽ’ घ्यायची आपली समूहगानाची पद्धत तर शून्य सेकंदाची आहे.

रेकॉर्डिंग ऐकून झालं की पुसून टाका. मुलांचे आवाज आणि चेहरे कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत.

मुलांना विचारायचं, की मी कसं शिकवतो?

असं विचारलं तर ‘छान शिकवता बाई’ असंच उत्तर येईल. त्याऐवजी तास संपताना चिठ्ठीवर एक ओळ मागा: ‘आज कुठल्या ठिकाणी गोंधळ झाला?’ नाव लिहायचं नाही. पहिली-दुसरीची मुलं लिहू शकत नसतील तर आज शिकलेलं शेजाऱ्याला सांगायला लावा आणि कान देऊन ऐका. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडीची रीत घडवली ती मुलं येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता. मुलं अंगणात येतात तर शाळा अंगणात न्यायची, असा उलटा विचार त्यांनी केला. मुलांच्या वागण्यालाच उत्तर मानायची ही तयारी चिठ्ठ्यांपेक्षा मोलाची आहे.

कृतिसंशोधन म्हणजे हेच का?

भावंडं म्हणा. वहीतल्या नोंदींमधून एखादी अडचण पुन्हा पुन्हा वर आली, तिच्यावर एक उपाय ठरवून काही आठवडे केला आणि आधीची-नंतरची स्थिती मोजली, की ते कृतिसंशोधन झालं. आपल्याकडे ते उलट्या टोकाने होतं: आधी अहवालाची तारीख येते, मग शीर्षक शोधलं जातं, आणि पूर्वचाचणीपेक्षा उत्तरचाचणीत गुण वाढलेलेच निघतात. उपाय फसला असं सांगणारा अहवाल कधी वाचलात? तो वाचायला मिळाला तर जपून ठेवा, त्यातून शिकण्यासारखं जास्त असतं.

नव्या धोरणातल्या ५० तासांत हे धरतात का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. त्याच वाक्यात हे शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार व्हावं असंही आहे. तो अर्धा भाग परिपत्रकांत उतरताना मागे पडतो. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा अभ्यासक्रम पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळतं आणि तास मोजता येतात. तुमच्या वहीला प्रमाणपत्र नाही. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी १२ वर्षांनी आणि निवडश्रेणीसाठी २४ वर्षांनी जे प्रशिक्षण लागतं, तिथेही ती कुणी मागणार नाही.

पण प्रशिक्षणाचा उपयोग होतो की नाही, हे वहीवर ठरतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधलं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातलं, ज्ञानरचनावादी काम (मुलं अनुभवातून स्वतः ज्ञान घडवतात असं मानणारं) पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परतल्यावर अनेक शाळांच्या फरश्या रंगल्या. आपल्या मुलांचं कुठे अडतंय हे ज्यांना आधीपासून ठाऊक होतं त्यांनी तिथून उत्तर आणलं. बाकीच्यांनी रंगाचा डबा आणला.

एआयकडून चिंतन लिहून घेतलं तर?

तपासणीचा रकाना भरायचा असेल तर ते यंत्र तुमच्यापेक्षा सुंदर भरेल, आणि तो रकाना किती पोकळ आहे हे त्यावरूनच सिद्ध होईल. ३७६ हे उत्तर कसं आलं असेल, असं विचारलं तर शक्यता मात्र बऱ्या सुचवतं. तिथे वापरा. त्यातली तुमच्या वर्गातल्या मुलीला लागू पडणारी कुठली, हे तिला जवळ बसवूनच कळेल. मुलांची नावं आणि फोटो त्यात घालू नका.

लिहायला लागल्यापासून सगळा दोष आपलाच वाटायला लागलाय.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमच्या हातात असलेलं, उजवीकडे नसलेलं. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं मूल मार्चमध्ये परत येतं, हे उजवीकडे. ते परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला काय देणार, हे डावीकडे. पटसंख्या, रिक्त पदं, गळकं छप्पर उजवीकडे. त्याबद्दल संघटनेत, ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत बोला, कारण तीच त्याची जागा. सगळं काही शिक्षकाच्या मनोवृत्तीवर आहे असं सांगणारे व्याख्याते भेटले तर टाळ्या वाजवून बाहेर पडा.

चांगला गेलेला तासही लिहा. तो का जमला हे कळणं फसलेल्या तासाइतकंच अवघड असतं.

सुरुवात जूनमध्येच करायची का?

कुठल्याही सोमवारी करा. शंभर पानी वही घ्या, मुलांची नावं न लिहिता हजेरी क्रमांक वापरा, आणि पहिल्या आठवड्यात फक्त एका विषयातली पाच चुकलेली उत्तरं जशीच्या तशी उतरवून घ्या. कारणं पुढच्या आठवड्यात शोधू.